सोपानमामांचं दुसरं भिंग

सोपानमामा लेन्सला कधीही लेन्स म्हणाले नाहीत. "लेन्स दुकानात असती, मॅडम. आपल्याकडं भिंग," असं म्हणायचे, आणि ते भिंग मलमलीच्या फडक्यात गुंडाळून लाकडी खोक्यात चिठ्ठीसकट ठेवून द्यायचे. पारनेर तालुक्यातल्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तिथे ते प्रयोगशाळा परिचर होते. पगारपत्रकावर परिचर. खरं तर त्या खोलीचे मालक तेच, आणि आम्ही बी.एस्सी. बी.एड. मंडळी त्यांच्याकडे तासापुरती आलेली पाहुणी. हे समजायला मला एक दिवस लागला. माझ्याआधीच्या सरांना म्हणे दोन वर्षं लागली होती.

तो माझा पहिलाच दिवस. दहावीचा वर्ग, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं. मी मेणबत्ती लावली, भिंग उभं केलं, पुठ्ठ्याचा पडदा पुढे केला, मागे केला. प्रतिमा काही येईना. पोरं आधी गप्प होती, मग खुसखुस सुरू झाली. कोपऱ्यात परीक्षानळ्या धूत असलेल्या मामांनी हात पुसले, मैदानाकडचं दार सताड उघडलं आणि भिंगाचं स्टँड हळूच दाराकडे वळवलं. पुठ्ठ्यावर बाहेरचा निंब उलटा लटकला, खाली बांधलेल्या शेळीसकट. पोरांनी असा कल्ला केला की शेजारच्या वर्गातले मराठीचे सर धावत आले.

"मॅडम, लांबची वस्तू लागती," मामा एवढंच पुटपुटले आणि परत नळ्यांकडे गेले. तास संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या न पाहण्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

उंचीने बेताचे, पांढरा पायजमा-शर्ट, टोपी घडी करून खिशात. प्रयोगशाळेत टोपी घालायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. शिक्षण दहावी. अक्षर मात्र असं की आमच्या हेडसरांनी सहीसुद्धा त्यांच्याकडून करून घेतली असती. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक बरणी होती, तिच्यात फुटलेल्या काचा, आणि प्रत्येक तुकड्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'चंचुपात्र. कारण: घाई.' 'परीक्षानळी. कारण: गप्पा.' माझ्या पहिल्या वर्षीच्या तुकड्यावर त्यांनी 'कारण: नवीन' असं लिहिलं होतं. ते वाचून मी जरा चिडले होते, पण कारण खोटं नव्हतं.

"आधी निरीक्षण, मग निष्कर्ष" हे त्यांचं पालुपद. आंबा पिकलाय का इथपासून कोण निवडून येणार इथपर्यंत कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर. आणि ते गंमत म्हणून नाही. खरोखर ते आंबा उचलायचे, उजेडात धरायचे, दोन दिवसांनी पुन्हा धरायचे. तोवर बाकीच्यांनी तो खाऊन टाकलेला असायचा.

दुपारी बाराच्या सुमाराला फाटकाशी एक मुलगी डबा घेऊन यायची. रुपाली, मामांची एकुलती एक. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही येत नव्हतं, असं मी आपलं समजत होते. मग एकदा मी खिडकीत उभी असताना पाहिलं. फाटकात रुपाली, खिडकीत मामा, मधे अख्खं मैदान, आणि दोघांच्या गप्पा चाललेल्या. तिचे हात भराभर फिरत होते, मान हलत होती, गाल फुगत होते. मामा हसून हसून बेसिनला धरून उभे राहिले.

"काय झालं मामा?"

"म्हशीनं हिच्या आईचे वाळत घातलेले पापड खाल्ले. आन आता तिला तहान लागलीय, ती बादलीतून त्वांडच काढंना."

"एवढं सगळं तिनं तिथून सांगितलं?"

"तुमी ह्या मैदानात वरडून सांगितलं असतं तर निम्मं बी कळलं न्हवतं मला."

ती खुणांची भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. मामा, मामी आणि रुपाली अशा तिघांनी वीस-बावीस वर्षांत घरातल्या घरात बनवलेली. जगात ती तीनच माणसांना येत होती. पापडाला खूण, म्हशीला खूण, हेडसरांना खूण. हेडसरांची खूण मी एकदा पाहिली आणि नंतर बरेच दिवस मला मीटिंगमध्ये मान वर करता आली नाही.

अशा मुलीचं लग्न ठरलं. बेलापूरचा मुलगा, एका पायाने जरा अधू, घरची पिठाची गिरणी. त्याने रुपालीला पाहिलं, तिने त्याला पाहिलं, आणि घरी आल्यावर तिने आईबापाला जी खूण केली तिचा अर्थ मामांनी मला सांगितला नाही, नुसतेच कानाच्या पाळ्या लाल करून हसले. सगळं जुळलं. फक्त बोलणी उरकून निघताना मुलाच्या आईने दारात उभं राहून विचारलं, "पोरगी गुनाची हाय. पन तिला काय पायजे, ते मला कळायचं कसं?"

विचारण्यात खोच नव्हती. साधा प्रश्न होता, आणि म्हणूनच तो मामांना लागला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ते एकच परीक्षानळी बराच वेळ धूत बसले होते. मग आपणहून बोलायला लागले. रुपाली सात वर्षांची असताना तिला शहरातल्या मुक्या-बहिऱ्यांच्या निवासी शाळेत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मामी जाऊन घेऊन आल्या. "ती म्हन्ली, पोर माझ्याकडं बघून एक खून करती आन तिथं कोनालाच ती कळत न्हाई. मला बी बरंच वाटलं, मॅडम. लेकरू घरी आलं. तवा शिकली असती तर आज चार मानसांत बोलली असती. मी शाळेत नोकरी करून माझी पोर शाळेबाहेर ठिवली." मी दुसरी नळी उचलली आणि धुवायला लागले.

भिंतीवरच्या तक्त्यांकडे बघत बघत त्यांना कल्पना सुचली असावी. आमच्या प्रयोगशाळेत डोळ्याचा तक्ता, हृदयाचा तक्ता, मूलद्रव्यांचा तक्ता. तसा रुपालीचा तक्ता करायचा. एकेका चौकटीत ती एकेक खूण करतेय असा फोटो, खाली अर्थ. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावायचा.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, मोबाईलवर व्हिडिओ काढा की. दोन मिनिटांचं काम."

"त्यांच्याकडं बटनाचा फोन हाय. आन हात कणकंत असल्यावर मोबाईल कोन उघडनार? भिंतीवरचं नुसती मान वळवली की दिसतं."

फोटोंसाठी कॅमेरा होता. मामांच्या भाच्याने दोन सीझन लग्नाचे फोटो काढले, मग सुप्याच्या एमआयडीसीत त्याला नोकरी लागली, आणि त्याचा डीएसएलआर मामांकडे आला. नवशिक्यांसाठी असतो तो साधा, त्याच्यासोबत येतं ते अठरा-पंचावन्नचं भिंग लावलेला. मामांनी तो आधी आठ दिवस पुसला. नंतर घरी रुपालीचे फोटो काढले ते मला आणून दाखवले. चेहरा बरा आला होता. हातांच्या जागी मात्र नुसता धूर. त्यांचं स्वयंपाकघर काळोखं, आणि ती बोलताना हात एक क्षण थांबवत नाही.

"फ्लॅश मारा," मी म्हटलं.

"मारला हुता. ती लगीच गप्प होऊन मागं बघती. आमी तिला हाक मारतो ती दिव्याचं बटन चालू-बंद करून. उजेड लुकलुकला की तिला वाटतं कोनीतरी बोलावलं."

थोडक्यात, कमी उजेडात चालणारं दुसरं भिंग लागणार होतं. आणि नेमकं त्याच वेळी मामांच्या निवृत्तीसाठी माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप जमला होता. मार्चअखेरीस निरोप समारंभ, एप्रिलच्या शेवटी रुपालीचं लग्न. पोरांनी कॅमेऱ्याचं ऐकलं आणि ठरवलं, मामांना लेन्सच द्यायची. ग्रुपवर मी होते. दोन दिवस नुसता गदारोळ. पुण्यातला एक जण सुट्टीत हरणांचे फोटो काढतो, त्याने सत्तर-तीनशेच्या मोठ्या झूमचा आग्रह धरला. "मामांना रिटायरमेंटनंतर छंद हवा. पक्षी काढतील." दुसऱ्याला अख्खं लग्न एका चौकटीत मावणारी रुंद लेन्स हवी होती. मी तिसरी, मी मोठ्या झूमला मत दिलं होतं, हे कबूल करते. वजनदार वस्तू भेट म्हणून शोभते, एवढाच माझा विचार.

मी मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला एक म्हैना द्या. प्रयोग करावा लागंल."

आणि त्यांनी खरोखर प्रयोग केला. दहावीच्या पोरांची उरलेली एक प्रात्यक्षिक वही घेतली. 'उद्दिष्ट: कॅमेऱ्यास दुसरे भिंग निवडणे. साहित्य: कॅमेरा, चिकटपट्टी, मोजपट्टी, सांगाडा.' हो, सांगाडा. आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकचा पुरुषभर उंच सांगाडा आहे. मामांनी त्याला खिडकीपासून लांब अंधाऱ्या कोपऱ्यात उभं केलं, खांद्यावर रुपालीची ओढणी टाकली आणि तारेने त्याचे दोन्ही हात छातीसमोर बांधले. मग जुन्या भिंगाची कडी अठरावर फिरवून चिकटपट्टीने पक्की केली. आठवडाभर फक्त अठरा. पुढचा आठवडा पस्तीस. त्याच्या पुढचा पन्नास. रोज मधल्या सुट्टीत दहा फोटो, खाली निरीक्षण. 'अठरा: जवळ जावे लागते. पुढे केलेला हात सुपाएवढा, तोंड लिंबाएवढे.' 'पस्तीस: ठीक. आजूबाजूचे कपाट येते.' 'पन्नास: हात व तोंड योग्य प्रमाणात. कपाट नाही. उत्तम.'

उजेडाचं गणित त्यांना मी समजावलं, माझी कामगिरी काय ती तेवढीच. भिंगावरचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त, हे त्यांना पटेना. उलटं कसं असेल? मी फळ्यावर लिहिलं, भोकाचा व्यास बरोबर नाभीय अंतर भागिले हा आकडा. त्यांनी क्षणभर पाहिलं. "म्हन्जे ह्यो छेद हाय. मग सरळ सांगायचं की, मॅडम. त्या कॅमेऱ्याच्या दुकानदारानं पाऊन तास घेतला आन च्या पाजला, पन छेद म्हनून काय सांगितलं न्हाई."

वहीच्या शेवटी सुंदर अक्षरात निष्कर्ष आला: 'पन्नासचे, एक पूर्णांक आठ छेदाचे, न हलणारे, म्हणजे झूम नसलेले भिंग घ्यावे.' खाली त्यांनी माझी सही मागितली. तपासणाऱ्या शिक्षिकेची. मी लाल पेनाने 'छान' लिहिलं आणि सही केली. ती सही पुढे मला बोचणार होती.

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. मुठीत मावेल एवढी लेन्स मामांच्या हातात ठेवली तेव्हा पुण्याच्या हरणवाल्याचा चेहरा पडला, पण मामांनी ती दोन्ही हातांत धरली. बोलायचा आग्रह झाल्यावर माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बरणीतल्या काचा टाकू नका. नव्या पोरांना दाखवा." आणि बसले.

चार दिवसांनी ते घरी बोलवायला आले. चेहरा उतरलेला. मी त्यांच्याबरोबर गेले. स्वयंपाकघर म्हणजे आठ फूट बाय आठ फूट. ओट्याजवळ रुपाली, समोर भिंतीला पाठ लावून मामा. कॅमेरा उभा धरला तरी तिचे हात आले की कपाळ जात होतं, कपाळ आलं की हात. "अजून मागं सरा," मी बोलून गेले. मागे भिंत होती.

मामांनी कॅमेरा खाली घेतला. "प्रयोगच चुकला, मॅडम. तिथं मी पायजे तेवढा मागं जात हुतो. वीस फुटी खोली ती. अंतर पक्कं धरायचं आन भिंग बदलायचं, तर मी अंतर बी बदलत बसलो. हितं पस्तीसच लागत हुतं. आठवीचं पोर बी ही चूक करत न्हाई."

मी त्या प्रयोगाला 'छान' म्हटलं होतं. प्रयोगशाळेतल्या माणसाने प्रयोग प्रयोगशाळेत केला, आणि प्रयोगशाळेतल्याच बाईने त्याच्यावर सही ठोकली. मी म्हटलं, पुण्याला फोन करते, बदलून आणतील. मामांनी हात जोडले. पोरांनी प्रेमाने दिलेल्या वस्तूला नाव ठेवायला ते तयार नव्हते. रुपालीला प्रयोगशाळेत घेऊन गेलो, तर तिथे ती ताठ उभी राहून खुणा दाखवायला लागली. मामांनी दोन फोटो काढले आणि थांबले. "ही बोलत न्हाई. ही पाढे म्हनतीय." लग्नाला बावीस दिवस राहिले होते.

स्वयंपाकघराला मागचं एक दार होतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दाराला आडव्या फळ्या ठोकलेल्या, त्यावर कॅलेंडर. दारामागे हातभर बोळ, आणि बोळापलीकडे मामांचा चुलतभाऊ यशवंता याचा गोठा. त्या बोळावरून दोघांची भांडणं झाली होती आणि अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मामींनीच शेवटी कॅलेंडराकडे बोट दाखवलं. "मागं सराया जागा हाय की. तुमाला सरायचं न्हाई."

मामा उठले. मग टोपी घातली आणि पुढच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून यशवंताच्या अंगणात गेले. मी बोळाच्या तोंडाशी उभी होते. यशवंता वैरण कापत होता. मामा म्हणाले, "यशवंता, तुझ्या गोठ्यात जरा उभं ऱ्हायचं हुतं. रुपीचे फोटो काढायचेत. सासरी द्यायला."

यशवंताने विळा खाली ठेवला नाही की मान वर केली नाही. "उभा ऱ्हा," म्हणाला. "म्हशीच्या मागं नको. लाथ मारती." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "दाराचे खिळे गंजले असत्याल. पक्कड देऊ का?"

दोघांनी मिळून फळ्या काढल्या. दार उघडलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर सकाळचं ऊन पडलं. मामी नुसत्या बघत राहिल्या आणि मग घाईघाईने डबे पुसायला लागल्या, कारण आता धूळ दिसत होती. मामा गोठ्यातून कॅमेऱ्यात पाहत होते. रुपाली कपाळापासून कमरेपर्यंत पूर्ण मावली. उजेड इतका होता की जुन्या भिंगानेसुद्धा काम झालं असतं. मला ते कळलं, पण मी बोलले नाही. त्यांनाही कळलं होतं, कारण वहीत नंतर एक ओळ वाढलेली मी पाहिली: 'भिंग बदलण्याआधी दार उघडून बघावे.' खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

शब्दांची यादी मामांनी केली होती. भूक, तहान, ताप, पोट दुखतंय, भीती वाटते, आईकडे जायचंय. रुपालीला एकेका शब्दाची खूण करून त्यांनी यादी समजावली. तिने ती शेवटपर्यंत पाहिली आणि मग हात हलवून जे काही सुनावलं, त्यावर मामी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी अर्थ विचारला.

मामा खजील झाले होते. "म्हनती, मी काय दवाखान्यात चाललीय का?"

मग तिने स्वतःचे शब्द घातले. 'तुम्ही दमलात, बसा.' 'मीठ जास्त झालंय.' 'हे मला येतं, मी करते.' 'तुमची चूक आहे.' 'माझी चूक आहे.' 'चिडवू नका.' 'आज मस्त दिसताय.' बापाची भूक, तहान आणि ताप तिने कोपऱ्यात राहू दिली. 'आईकडे जायचंय' मात्र काढायला लावलं. आठ दिवस रोज सकाळी गोठ्यातून फोटो निघाले. यशवंताची बायको मधेमधे चहा आणून देत होती आणि शेवटी शेवटी तिलाही चार खुणा यायला लागल्या. दार उघडं होतं म्हणून म्हैस सारखी डोकावायची, दोन चौकटींत तिचं शिंग आलं आहे. ते काढू नका असं रुपालीनेच सांगितलं.

तक्ता फ्लेक्सवर छापायचा ठरला. फ्लेक्सवाल्याने फाइल उघडून सवयीने विचारलं, "वाढदिवस का श्रद्धांजली?" मामा म्हणाले, "शब्दकोश." त्या पोराने अक्षरं मोठी करून दिली.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी बाकीच्या वस्तू टेम्पोत गेल्या, तक्त्याची गुंडाळी मामांनी स्वतः विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती तिथेच मांडवात उलगडली. वरपासून खालपर्यंत पाहिली. मग रुपालीकडे वळून एक खूण केली, अगदी कच्ची, बोटं चुकलेली. 'तुम्ही दमलात, बसा.' रुपाली रडत होती ती रडता रडता हसली. मामा तिथे थांबले नाहीत. मंडपवाल्याच्या दोऱ्या सोडवायला गेले, ते काम त्यांचं नसताना.

पुढचे काही महिने ते मला क्वचित भेटले. भेटले की एकच सांगायचे, "बेलापूरला सगळं बरं हाय. तक्ता भिंतीवर हाय." स्वतः तिकडे फारसे जात नसत. सारखं जाणं बरं दिसत नाही म्हणत. पण निवृत्त माणूस रोज दुपारी बाराला शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि दोन मिनिटांनी निघून जायचा, हे आम्ही सगळे बघत होतो.

दिवाळीत माझ्या बदलीचा आदेश हातात आला. दुसऱ्या सत्रापासून दुसऱ्या शाळेत हजर व्हायचं. निरोप घ्यायला मी मामांकडे गेले. रुपालीचा दिवाळसण होता. जावई अंगणात खुर्चीवर बसले होते, मामी करंज्या तळत होत्या, मागचं दार उघडं होतं आणि यशवंताची बायको त्या दारातून आत-बाहेर करत होती. रुपाली अंगाने भरली होती. मला पाहून तिने हेडसरांची खूण केली आणि 'कसे आहेत' असं भुवयांनी विचारलं.

मामा ओसरीवर बसले होते. रुपाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. पहिल्या दोन खुणा मलाही कळल्या, 'उद्या' आणि 'जायचं'. तिसरी खूण म्हणजे तिने उजवा हात आडवा धरला, तळवा खाली, आणि तो अगदी बारीक थरथरवला.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा म्हणाली. उद्या, जायचं, आणि थरथरणारा तळवा.

"हे काय म्हन्ती?" मामांनी मामींना विचारलं. मामींनी कढईवरून मान वळवली, पाहिलं आणि नकारार्थी डोकं हलवलं. मामांना तिचं बोलणं कळलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. खरी भीती.

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "जरा हिकडं येता का? ही काय म्हन्ती बघा."

जावई उठून लंगडत आले. रुपालीने तिसऱ्यांदा सांगितलं. ते हसले. "उद्या घरी जायचं का, इचारतीय मामा. घर म्हन्जे आमचं. खाली गिरनी चालू झाली की वरची फरशी थरथरती, ते तिला पायाला कळतं. मी कुठून बी आलो तरी गिरनी चालू केली की तिला समजतं आलो म्हनून. म्हनून घर म्हन्जे ते."

"घराला तर आमची ही खून हाय," मामा म्हणाले, आणि त्यांनी मान वाकवून डोक्यावर तळवा धरला. त्यांच्या घराची चौकट बुटकी आहे, आत येताना सगळेच वाकतात. रुपालीने ते पाहिलं, हसून मान हलवली. नाही. ती खूण ह्या घराची. तिने बोटाने आजूबाजूच्या भिंती दाखवल्या. मग पुन्हा तळवा आडवा धरला.

कढईत तेलाचा आवाज तेवढा. मामांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला, तळवा खाली केला आणि हलवला. फार जोरात हलला. रुपालीने नाक मुरडलं. त्यांनी पुन्हा हलवला. पुन्हा चुकला.

ती त्यांच्याजवळ ओसरीवर बसली. आपला हात त्यांच्या हाताखाली घातला, तळव्याला तळवा लावला आणि डोळे मिटायला सांगितले. त्यांनी मिटले. मी निघाले तेव्हा ते तसेच बसले होते, आणि तिच्या हाताबरोबर त्यांचा हात अगदी हलका थरथरत होता.